टाकीवालीला दिलेलं नाव

ज्या साली निंबटेकच्या विहिरीत चिमण्या उतरल्या आणि तळाच्या चिखलात पायांनी चालत पाणी शोधू लागल्या, त्या सालची ही गोष्ट. साल कुठलं ते गावात कुणाला सांगता येत नाही. म्हातारी माणसं खांद्यावरून मागे हात टाकतात आणि म्हणतात, "लई मागं."

मला ती थोरल्या जाऊबाईंनी सांगितली. लग्न होऊन या गावात मला चार दिवस झाले होते आणि आम्ही दोघी तूर पाखडत होतो. "ऐकून ठेव," त्या म्हणाल्या, "उद्या तुला शिवेवर न्यायचंय. काय करतोय ते आपलं आपल्याला माहीत पाहिजे." नव्या सुनेनं पहिल्या आठवड्यात किती प्रश्न विचारावेत याचा अंदाज मला आला होता, म्हणून मी नुसतं सूप हलवत राहिले. गोष्ट पुढे बऱ्याच जणींकडून ऐकली. प्रत्येकीची थोडी वेगळी होती, पण शेवट कुणीच बदलला नव्हता. बदलता आला असता तर कुणीतरी नक्की बदलला असता.

तर त्या काळी निंबटेकला दर वर्षी दिवाळीनंतर दगड घडवणारे लोक यायचे. गाढवांवर संसार, शिवेवर पालं. पुरुष पाटे-वरवंटे करायचे, बायका जात्यांना टाकी लावायच्या. जात्याला दोन तळ्या असतात. खालची जमिनीत बसवलेली, वरची खुंट्याला धरून फिरवायची. दळून दळून दोन्ही दगड गुळगुळीत होतात, मग दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. तेव्हा टाकीनं, म्हणजे बारीक छिन्नीनं, दगडावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्या बायकांतली एक अशी होती की तिनं टाकी लावलेलं जातं तीन वर्षं नुसत्या बोटानं फिरायचं, असं म्हणतात. दगडाला कान लावून ती सांगायची, या घरात बाजरी जास्त, ज्वारी कमी. या घरात सून दळते, या घरात सासू. हे दुसरं तिनं सांगितलं की काही घरांत तिला पुन्हा बोलावत नसत.

तिला सगळे टाकीवाली म्हणायचे. ते काही नाव नव्हे, पण गावानं तेवढ्यावर भागवलं.

नावांच्या बाबतीत निंबटेक तसंही काटकसरी होतं. लग्नात सुनेचं नाव बदलायची चाल सगळीकडे होती, निंबटेकनं ती जरा जास्तच मनावर घेतली होती. वरात शिवेवर आली की नवरीला निंबाचा पाला चावायला द्यायचे. तिनं माहेरचं नाव एकदा उच्चारायचं आणि चावलेल्या पाल्याबरोबर थुंकून टाकायचं. त्यानंतर ते नाव शिवेच्या आत कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. नवऱ्याचं आयुष्य इतक्या लहानसहान गोष्टींवर टांगलेलं असतं हे मलाही लग्नानंतरच कळलं. पण त्या काळच्या बायांना ते पाठ होतं. सून यायची, थुंकायची, आणि एक-दोन वर्षांत सासू, सासरा, दीर, नवरा सगळे ते नाव खरोखरच विसरून जायचे. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, नुसती सवय होती.

या गावात आवडाई नावाच्या बाईची सून होती, भागा. नऊ वर्षांची असताना आली. आता तेवीस वर्षांची, पहिल्यांदाच पोटुशी, आणि दुष्काळाचं तिसरं वर्ष. तिचा नवरा दूर कुठे खडी फोडायच्या कामावर गेला होता, आठ महिने त्याचा निरोप नव्हता. घरात दाणा नव्हता. भागा चिंचोके भाजून जात्यावर दळायची आणि दोघी सासवा-सुना त्या पिठाच्या भाकरी खायच्या. चिंचोक्यानं दगड लवकर झिजतो आणि माणूस त्याहून लवकर.

अशात एका दुपारी शिवेवर एक तरणा पोरगा आला. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, पाठीवर पिशवी. टाकीवाली पालासमोर टाकीला धार लावत बसली होती.

"मावशी, निंबटेक हेच का?"

"हेच. पाणी सोडून कायबी माग."

"न्हाई मागत. माझी बहीण हाय हितं दिलेली. शेवंता."

"नवऱ्याचं नाव काय तिच्या?"

"ठावं न्हाई. मी पाच वर्साचा हुतो लग्नात. फुडं मरी आली, आई-बा दोघं गेलं. मला मावशीनं लांब नेलं, आता ती बी गेली. मला गावाचं नाव ठावं आन् बहिणीचं नाव ठावं. दारात निंब हाय एवढं मावशी म्हनायची."

टाकीवाली हसली. "बाबा रं, निंब न्हाई असं एक दार दाव ह्या गावात."

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडं डोहाला अजून पानी हाय. नाचणी झाली मूठभर. तिला न्यायला आलोय. माझं दुसरं कोन न्हाई आता."

आता टाकीवालीचा एक अभिमान होता, आणि माणसाला एखादाच अभिमान असला की तो फार घट्ट असतो. ती म्हणाली, "ह्या गावातलं एकूणएक जातं माझ्या टाकीखालनं गेलंय. जात्यामागली एकूणएक बाई मला ठावं हाय. भागा हाय, रखमा हाय, सरस्वत्या तीन हायत्या. शेवंता न्हाई. दुसरं निंबटेक असंल, तिकडं जा."

तरी तो गावात गेला. चावडीवर विचारलं. चावडीवरच्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं, मनातल्या मनात सगळं गाव फिरून आले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "न्हाई बाबा." त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या बायकोचं माहेरचं नाव सांगता आलं नसतं, तर दुसऱ्याच्या बायकोचं कुठून सांगणार? मग तो दारोदार गेला. सुना आत होत्या, ओट्यावर सासवा होत्या. सासवा म्हणाल्या, "न्हाई." असं करत तो आवडाईच्या दाराशी आला.

"शेवंता? कोन न्हाई त्या नावाची," आवडाई म्हणाली. इथं सांगणाऱ्यांची दोन मतं आहेत. काही म्हणतात, तिला आठवत होतं, पण दळायला माणूस राहणार नाही म्हणून ती खोटं बोलली. काही म्हणतात, ती खरंच विसरली होती. जाऊबाई दुसऱ्या मताच्या आहेत. मला विचाराल तर दुसरंच जास्त भीतिदायक आहे.

आतून जात्याची घरघर येत होती. घरघरीत बाहेरचं बोलणं आत जात नाही, पण आतलं गाणं बाहेर येतं. भागा ओवी म्हणत होती,

सरलं दळण, रिकामं झालं सूप
बंधवा रं माझ्या, इसरले तुझं रूप.

पोरगा निंबाखाली उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "कोन म्हनतंय?"

"माझी सून. भागा."

"गोड म्हनती," असं म्हणून तो वळला. भिंत मातीची होती, वीतभर जाडीची. त्या दिवशी ती भिंत घामानं भिजली, असं म्हणतात. गावात पाण्याचा थेंब नसताना भिंतीला ओल आली आणि ती आवडाईनं पदरानं पुसली.

परत जाताना तो टाकीवालीपाशी थांबला. पिशवीतून दोन मुठी नाचणी काढली, फडक्यात बांधली. "मावशी, तुमी घरोघर जाता. कधी भेटली तर तिला द्या."

"आरं, न्हाई म्हनती ना मी!"

"तरीबी ऱ्हाऊ द्या."

तो गेला. टाकीवालीनं त्याचं नाव विचारलं नाही. फडकं घेऊन ती पालात आली आणि तिनं विचार केला, जी बाई नाहीच तिच्यासाठी दाणे ठेवायचे कशाला? आणि तिलाही दोन दिवस पोटात काही नव्हतं. तिनं नाचणीची आंबील केली आणि पिऊन टाकली. एवढंच तिनं केलं. तिच्या जागी मी असते तर मीही केलं असतं, आणि ही गोष्ट ऐकणारी प्रत्येक बाई या जागी थोडी गप्प बसते, ती याच हिशेबानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाईनं तिला बोलावलं, जातं घसरायला लागलं म्हणून. टाकीवाली आली. वरची तळी उतरवली, टाकी लावायला बसली. भागा भिंतीला टेकून समोर बसलेली. पोट पुढे, हातांच्या काड्या, डोळे आत गेलेले. बाईला जरा हसवावं म्हणून टाकीवाली म्हणाली, "काल एक येडा आलता गावात. पायाला चिंध्या, पाठीला पिशवी. समद्या गावात फिरला, शेवंता शेवंता करीत. जसं काय शेवंतीचं फूल हुडकाय आलाय."

भागानं मान वर केली. टाकीचे चार-पाच ठोके पडले.

"काय म्हनाला त्यो? परत सांग."

"शेवंता."

"आनि एकदा."

टाकीवालीनं हात थांबवला. वर पाहिलं. भागा भिंत धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. "बाई, ती मी," ती म्हणाली. "मीच हाय शेवंता."

टाकीवालीच्या पोटात ती आंबील होती. ती उठली. टाकी तिथंच, हातोडी तिथंच, उघडं जातं तिथंच. उंबऱ्याला ठेच लागली तरी ती थांबली नाही.

ती धावली तेव्हा तिच्या पायाखालच्या दगडांतून ठिणग्या उडत होत्या, असं म्हणतात. दिवसभरात तिनं सात गावं मागे टाकली. प्रत्येक गावात विचारायची, एक पोरगा गेला का इकडनं, बहिणीला हुडकतोय? लोक विचारायचे, "नाव काय त्याचं?" आणि ते तिनं विचारलंच नव्हतं. एका गावातला म्हातारा तिला म्हणाला, "बाई, बहिणीला हुडकनारं, भावाला हुडकनारं, लेकराला हुडकनारं, असलं रोज जात्यात ह्या वाटंनं. नाव असल्याबिगार कुनाला थांबवू?" पोरगा म्हणाला होता, आमच्याकडं डोहाला पाणी आहे, पण कुठल्या डोहाला तेही तिनं विचारलं नव्हतं. ती डोहामागून डोह बघत गेली. सगळे कोरडे होते. जो ओला होता तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. नाव असतं तर ओळखलं असतं की काय, देव जाणे.

सहाव्या दिवशी ती परत आली. शेवंता जात्याशेजारीच पडली होती. तिला हलवायचं त्राण आवडाईत नव्हतं.

"घावला?" शेवंतानं विचारलं.

आयुष्यात टाकीवालीनं दगडाशी कधी खोटं केलं नव्हतं, माणसाशीही फारसं नाही. ती म्हणाली, "घावला. येतोय. पाय सुजलाय त्याचा, हळू येतोय."

"गेनू लहानपनी बी हळूच चालायचा," शेवंता म्हणाली. अशा रीतीनं टाकीवालीला त्याचं नाव कळलं. आता त्याचा उपयोग नव्हता.

मग शेवंता म्हणाली, "मला हाक कशी मारली त्यानं? मारून दाव."

टाकीवालीनं हाक मारली. "शेवंताऽऽ."

"आनि एकदा."

बाहेरून आवडाई कळवळून ओरडली, "अगं, शिवंच्या आत ते नाव घेऊ नगंस! माझा ल्योक लांब हाय!" टाकीवालीनं ऐकलं नाही. सबंध दुपार ती हाक मारत राहिली. आवाज बसला तरी मारत राहिली. प्रत्येक हाकेला शेवंता "ओ" म्हणायची. उन्हं उतरायच्या आधी एका हाकेला ओ आली नाही. टाकीवालीनं पुन्हा हाक मारली. तेव्हा शेजारचं उघडं जातं, वरची तळी बाजूला काढून ठेवलेलं, एकदा घरघरलं, असं म्हणतात.

लेकरू तिच्या पोटातच गेलं. त्याला तर नाव ठेवायचाही प्रश्न आला नाही.

स्मशानात माणसं म्हणाली, "भागा गेली." मागे उभी राहून टाकीवाली म्हणाली, "शेवंता." पुरुषांनी वळून पाहिलं. बाई स्मशानात आली याचा राग करावा की शिवेच्या आत नाव घेतलं याचा, हे त्यांना चटकन ठरवता आलं नाही. तोवर ती निघून गेली होती.

आठ दिवसांनी तिच्या माणसांनी पालं उठवली. इथं दगडाशिवाय काही उरलं नाही, घाटाखाली जाऊ, म्हणाले. तिची आई होती, एक भाऊ होता. त्यांनी गाढवं भरली आणि तिला हाक मारली. ती म्हणाली, "मी न्हाई येत. त्यो माघारी आला तर? हितं कुनीतरी पायजे, जिला नाव ठावं हाय." आई रडली, भाऊ चिडला, आणि ती माणसं घाट उतरून गेली. पुढच्या दिवाळीला ती आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचं काय झालं हे कुणाला कळलं नाही.

शिवेवरच्या निंबाखाली टाकीवाली एकटी राहू लागली. आणि मग तिनं तिचं काम सुरू केलं.

ती ज्या घरी टाकी लावायला जायची तिथल्या सुनेला हळूच विचारायची, "म्हायेरचं नाव काय?" सुना घाबरायच्या. ती म्हणायची, "मला एकटीला सांग. उद्या तुझा कोन आला तर मी शिवंवर हाय." मग सून कानात सांगायची. पण टाकीवालीला लिहिता येत नव्हतं आणि इतकी नावं डोक्यात राहीनात. म्हणून ती खालची तळी उपसायची, उलटी करायची आणि जमिनीकडच्या अंगाला खूण कोरायची. तुळसा असली तर तुळशीचं रोप, चंद्रा असली तर कोर. जिच्या नावाचं काही काढता येत नसे तिला विचारायची, तुझ्या माहेरी दारासमोर काय होतं? मग विहीर, रांजण, गाय, जे असेल ते. खूण कोरली की तळी पुन्हा जमिनीत. वरून सगळं जिथल्या तिथं. निंबटेकच्या सासवा वर्षानुवर्षं त्यावर दळलेलं खात होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. गोष्टीतला एवढा एकच भाग सांगताना जाऊबाई हसतात.

पत्ता लागला तो आवडाईमुळे. तिचा मुलगा परत आला नव्हता. टाकीवालीला जात्याखाली खूण कोरताना तिनं पाहिलं होतं. एके दिवशी ती काठी टेकत शिवेवर आली आणि टाकीवालीसमोर बसली. विहिरीवरून येणाऱ्या पाच-सहा बाया गंमत बघायला थांबल्या. यांचं भांडण होणार अशी त्यांची खात्री होती.

आवडाई म्हणाली, "माजं बी एक नाव हुतं."

"सांग की."

आवडाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "आवडा न्हवं. आवडा हितलं. त्याच्या आधीचं."

बायांना चेव आला. "आत्याबाई, मैना असंल!"

"मैना? आवाज तर कावळ्याचा हाय!"

"गुलाब असंल गं, काटं हायती की!"

"का साळुबाई? न्हाईतर धोंडी!"

आवडाई त्यांच्याकडे बघत होती. प्रत्येक नावाला थोडी थांबत होती, चव घेतल्यासारखी, आणि मान हलवत होती. मग एकेक करून बाया हसायच्या थांबल्या. घागरी डोक्यावर, आणि कुणी हलेना. आवडाई त्या दिवशी सांजेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही येऊन बसली. तिसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. न्हाई येत." टाकीवालीनं तिच्या जात्याखाली शेवंतीचं फूल आधीच कोरलं होतं. त्याच्या शेजारी तिनं आवडाईसाठी नुसता एक गोल काढला. आत काही नाही.

त्यानंतर निंबटेकच्या सासवांनी टाकीवालीला अडवलं नाही. कुणी तिला मदत केली असंही नाही. बघूनही न बघितल्यासारखं करणं, हे आमच्या गावाला अजूनही चांगलं जमतं.

टाकीवाली शिवेवर चाळीस वर्षं बसली, असं म्हणतात. काही जणी साठ सांगतात. प्रत्येक वाटसरूला ती विचारायची, "कुनाला हुडकतोस?" कुणी बैल शोधत असायचं, कुणी वैद्य. बहिणीला शोधत कुणी आलं नाही. एवढ्या नावांची ती एकटी राखणदार, आणि एकही नाव मागायला कुणी आलं नाही. गेनू आला नाही. केस पांढरे झाले, बोटं टाकीभोवती वाकडी होऊन तशीच राहिली. शेवटी दिसायचंही बंद झालं. तेव्हा वाटेवर पाऊल वाजलं की ती नुसती ओरडायची, "शेवंता हाय रंऽऽ! हितंच हाय!" वाटसरू घाबरून पलीकडून जायचे.

एका सकाळी तिची हाक आली नाही. त्या दिवशी निंबटेकमध्ये एकही जातं फिरलं नाही, असं म्हणतात. खुंटा ओढला तरी दगड हलेना. पुढे गावात पिठाची गिरणी आली तेव्हाही एक दिवस असा आलाच की गावात एकही जातं फिरलं नाही, पण त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही.

तिचं करायला गाव जमलं. इतक्या वर्षांनी एवढं तरी. सगळं रीतीनं झालं आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा विधी सांगणारा म्हणाला, "नाव घ्या."

कुणीच बोललं नाही.

"अहो, नाव घ्या. कुणाच्या नावानं सोडायचं?"

पुरुषांनी बायांकडे पाहिलं. बायांनी एकमेकींकडे. या प्रत्येकीचं नाव तिनं विचारलं होतं. कानात ऐकलं होतं, दगडात कोरलं होतं. तिचं मात्र कुणीच विचारलं नव्हतं. नाव घेऊन हाक मारणारी आई आणि भाऊ घाट उतरून कधीच गेले होते. एक म्हातारी म्हणाली, "तिच्या पालात तिचं जातं हाय. त्याच्या तळी बघा." चार जणींनी ते जातं उपसलं आणि खालची तळी उलटी केली. दगड कोरा होता. तिनं आपली खूण कोरलीच नव्हती. विसरली होती, की कुणी विचारेल म्हणून थांबली होती, ते आता कसं कळणार?

पाणी ओंजळीत तसंच होतं. तेव्हा एक नवी सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पदर नीट करून पुढे आली. एवढ्या सासऱ्या-दिरांसमोर तिनं त्या कोऱ्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझं घ्या. माझं आता कुणी वापरत न्हाई." आणि तिनं माहेरचं नाव सांगितलं. त्या नावानं पाणी सोडलं. मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. पाणी संपलं, नावं संपली नाहीत.

तेव्हापासून निंबटेकमध्ये ही चाल आहे. निंबाचा पाला आता कुणी चावत नाही आणि थुंकतही नाही. लग्नाच्या पाचव्या दिवशी थोरली जाऊ नव्या सुनेला शिवेवर नेते. तिथं तो कोरा दगड अजून आहे, उलटाच ठेवलेला. सुनेनं त्यावर हात ठेवायचा आणि आपलं माहेरचं नाव टाकीवालीला द्यायचं.

दुसरी चाल अशी की गावात कुणी परका माणूस कुणाचं नाव विचारत आला तर त्याला "नाही" म्हणायचं नाही. आधी ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, मग गल्लीतल्या सगळ्या बायांनी बाहेर येऊन आपापली दोन्ही नावं सांगायची. मागे शिरगणतीचा मास्तर आला होता. त्याला एकेका बाईनं दोन-दोन नावं सांगितली तेव्हा तो वैतागला, म्हणाला, "अहो ताई, रकाना एकच आहे." त्यानं सासरचं तेवढं लिहून घेतलं. बहिणीला शोधत मात्र अजून कुणी आलेलं नाही.

जाती आता दळत नाहीत. बऱ्याच जणांनी ती उपसली आणि दगड सपाट दिसतो म्हणून तळ्या उलट्या करून मोरीत, पायरीला, न्हाणीघरापुढे बसवल्या. त्यामुळे ज्या खुणा कुणी बघू नयेत म्हणून जमिनीकडे कोरल्या होत्या, त्या आता वर आल्या आहेत आणि साबणाच्या पाण्यानं आणि टाचांनी झिजत चालल्या आहेत. आमच्या न्हाणीपुढच्या दगडावर एक कोर होती असं वाटतं. ती कुणाची, ते जाऊबाईंना माहीत नाही. मी तिच्यावर पाय देत नाही. बाजूला देते, आणि तेवढ्यानं काही होत नाही हेही मला कळतं.

पाचव्या दिवशी मला शिवेवर नेलं. दगड उन्हानं तापला होता. जाऊबाई मागे सरून निंबाखाली उभ्या राहिल्या, पाठ फिरवून, कारण ते ऐकायचं नसतं. मी हात ठेवला आणि सांगितलं.

"सांगितलंस?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"हो."

"चल मग. दूध उतू जाईल."

ते नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते आता तिचं आहे. आणि उद्या त्या नावानं मला शोधत कुणी आलंच, तर शिवेवर ओ द्यायला ती आहे, असं म्हणतात.